उजवी नळी

४ जानेवारी

जुनी दुर्बीण कामातून गेली. उजव्या नळीतून धूसर दिसतं.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन खात्री करून घेतली. डावा डोळा मिटून पाहिलं तर समोरच्या पाण्याच्या टाकीचा मधला भाग ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. उजवा मिटला तर टाकी शिडीसकट लख्ख. म्हणजे निदान सरळ आहे, उजव्या नळीत बुरशी धरली. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली, तेव्हा उपकरणातला दोष कसा शोधायचा हे मला कुणी शिकवायला नको.

हिला सांगितलं तर ही म्हणते, "डोळे दाखवून या ना एकदा."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? दोन वर्षांपूर्वीच नंबर तपासलाय."

"दोन वर्षं म्हणजे काही काल नव्हे, अहो."

बायकांना उपकरणांतलं कळत नाही असं माझं म्हणणं नाही. हिला कळत नाही एवढंच.

नवी दुर्बीण घ्यायलाच हवी. माझा तारा ऑगस्टमध्ये पूर्ण उजळायचा आहे. अकरा महिन्यांनी एकदा तो तेजावर येतो आणि मग इतका मंद होतो की दुर्बिणीतूनही सापडत नाही. शेजारी ज्यांचं तेज ठाऊक आहे असे दोन तारे असतात, त्यांच्याशी ताडून याचं तेज किती ते आकड्यात लिहायचं. एका पारड्यात ओळखीचा तारा, दुसऱ्यात माझा. म्हणजे वजनच की! म्हणून तर हा छंद मला जडला. सत्तावीस वर्षांत आकाशात दिसण्यासारखा त्याचा एकही उजाळा मी चुकवलेला नाही. आमच्या नऊ जणांच्या गटाचे आकडे मास्तर गोळा करतात. (मास्तर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक, माझे एकमेव मित्र.) ते म्हणतात, तुमचा आकडा आला की बाकीच्यांचे मी त्यावर तपासतो.

१९ जानेवारी

दुर्बिणींच्या दुकानात दोन तास गेले. दुकानदार बोलका आहे, आणि बोलक्या दुकानदारावर माझा जन्मजात अविश्वास.

"तारे बघायचेत की लांबचं?"

"रात्री तारे, दिवसा लांबचं. सगळ्यात जास्त ताकदीची दाखवा."

"सगळे येऊन हेच मागतात, साहेब. दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी. पहिला वाढवत नेलात की तुमच्या हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी होते. हातात धरायची तर दहा बाय पन्नास घ्या, सुखी राहाल."

बोलणं खरं होतं, पण मी तसं तोंडावर दाखवलं नाही. रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या पाटीवर दुर्बीण लावली. उजवी नळी धूसर! तीच दुर्बीण त्याने डोळ्याला लावली आणि म्हणाला, "मला तर टाके मोजता येतायत." दुसरा नग काढायला लावला. तोही तसाच. उजव्या डोळ्यापाशी एक फिरती कडी असते, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढायला. ती शेवटापर्यंत फिरवली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

"साहेब, ही कडी इतकी कुणी फिरवत नाही," तो म्हणाला.

"इतकी खराब काच कुणी विकतही नाही," मी म्हणालो. तरी घेतली. नाइलाज.

३ फेब्रुवारी

दहा बाय पन्नास परत. धूसर तर आहेच, वर आज नवीनच खोड सापडली. टाकीच्या शिडीचा उभा दांडा मध्येच पोक काढल्यासारखा वाकलेला दिसतो. भिंग घासताना गोलाई चुकली की रेषा वाकतात, हे मास्तरांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. दुकानदाराला तेच ऐकवलं. त्याने डोकं खाजवलं आणि पंधरा बाय सत्तर पुढे ठेवली. परत करताना हुज्जत घातली नाही, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

१२ फेब्रुवारी

सकाळी चहात मीठ पडलं. हिने साखरेचा आणि मिठाचा डबा शेजारी शेजारी ठेवलेले, मग दुसरं काय होणार! मी चांगलाच तापलो. दुपारी बघतो तर स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या डब्यांवर हिने कागद चिकटवलेत आणि त्यांवर काळ्या शाईने वीतभर अक्षरं. मीठ. साखर. चहा. शाळेच्या पहिल्या वर्गात बसल्यासारखं वाटतं. हिला आता बारीक दिसत नसावं. वय झालं बिचारीचं. मी मुद्दाम विषय काढला नाही, उगीच मनाला लागायचं.

७ मार्च

पंधरा बाय सत्तर जड आहे. गच्चीच्या कठड्यावर कोपरं रोवून बसलो तरी तारे पाण्यात पडल्यासारखे हलतात. आणि उजवी नळी? तीच रड.

परत दुकानात. या वेळी दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी दिलं आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, राग मानू नका. पण प्रत्येक दुर्बिणीची उजवीच नळी कशी खराब निघेल?"

"कारखान्यात उजवीकडे बसणारा कामगार कामचुकार असेल."

तो हसला. मीही हसलो. शेवटी ठरलं ते असं: वीस बाय ऐंशी, भक्कम तिपाईसकट. त्याच्याकडे नव्हती, मागवून घ्यावी लागेल. महिना लागेल म्हणाला. लागू दे. तारा कुठे पळून चाललाय?

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी दिवसभर अबोला धरला. माझ्या सत्तावीस वर्षांच्या कामाची घरात ही किंमत!

२२ मार्च

ही हल्ली सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. पूर्वी नव्हती ही सवय. "मनातल्या मनात वाचलं की माझ्या डोक्यात शिरत नाही," म्हणते. मीही ऐकतो, तेवढाच तिला आधार. खरं सांगायचं तर छपाईसुद्धा हल्ली भिकार झाली आहे. ओळीच्या मधलं अक्षर गळालेलं असतं.

१३ एप्रिल

आली. वीस बाय ऐंशी. लहान मुलाएवढी जड. तिपाईवर चढवताना मास्तरांनी एका बाजूने धरलं. मावळतीच्या उजेडात टाकीवर लावली आणि ठरवलं की दोघांनी शिडीच्या पायऱ्या मोजायच्या आणि एकमेकांना न सांगता कागदावर लिहायच्या. माझी आवडती पद्धत. दोन साक्षीदारांनी आधी आपसात बोलायचं नाही.

मास्तरांनी लिहिल्या एकोणीस. मी लिहिल्या चौदा.

"तुम्ही खालून मोजल्यात की वरून?" मी विचारलं.

"खालून. पुन्हा मोजू?"

पुन्हा मोजल्या. त्यांच्या एकोणीस. माझ्या या वेळी तेरा. मास्तर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "साहेब, माझ्या भाचीच्या ओळखीच्या एक डोळ्यांच्या डॉक्टर आहेत..."

मी ताडकन उठलो. म्हणालो, मास्तर, तुम्हीसुद्धा? ते थोड्या वेळाने निघाले. जिन्यापाशी ही त्यांच्याशी काहीतरी कुजबुजत होती. माझ्याच घरात माझ्या पाठीमागे कट शिजतोय.

इतक्या मोठ्या दुर्बिणीतही उजवी नळी धूसर असेल तर मग या जगात नीट काच बनतच नाही असं म्हणायचं.

११ मे

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

जुनी दुर्बीण मास्तरांच्या शाळेला देऊन टाकावी म्हणून पुसायला काढली. पुसता पुसता सवयीने डोळ्यांना लावली. पट्टा गळ्यात नव्हता, त्यामुळे उलटी धरली गेली, वरची बाजू खाली. म्हणजे आता उजव्या डोळ्यासमोर डावी नळी आली. जी डावी नळी गेली सत्तावीस वर्षं लख्ख आहे, ती.

धूसर उजवीकडेच होतं.

सुलटी केली. उजवीकडे. पुन्हा उलटी केली. उजवीकडेच.

मग वीस बाय ऐंशी तिपाईवरून उतरवली, कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर उलटी टेकवली आणि पाहिलं. तेच. मग दुर्बीण बाजूला ठेवली आणि नुसत्या डोळ्याने, डावा डोळा तळहाताने झाकून, टाकीकडे पाहिलं. टाकीच्या मधोमध करडा डाग. डोळा हलवला की डागही हलतो.

कुठल्याही दुकानात शिरलो की मी पहिलं काम काय करायचो? पारड्यांची अदलाबदल. डावीकडचं पारडं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. दोष पारड्याबरोबर फिरला तर पारडं खोटं, जागीच राहिला तर दांडी खोटी. अर्ध्या मिनिटाचं काम. किती जणांचे परवाने मी त्या अर्ध्या मिनिटात रद्द केले असतील! आणि चार महिने स्वतःवर ती चाचणी करायचं मला सुचलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण मी व्यापाऱ्यांना तोंडावर ऐकवायचो.

मला भीती वाटते आहे. हिला अजून सांगितलेलं नाही.

१४ मे

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या आहेत. आधी डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं. मग एक चौकटींचा कागद हातात दिला, मध्ये ठिपका. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला लावलं.

"रेषा सरळ दिसतायत का, काका?"

उजव्या डोळ्याला तर ठिपकाच नव्हता. डाव्याला रेषा एका कोपऱ्यात आत ओढल्यासारख्या.

"हे वाकडं दिसणं कधीपासून आहे?"

"फेब्रुवारीपासून. पण ते मी भिंगाचं समजत होतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला आरोपीची उलटतपासणी घ्यायची सवय. समोरच्याने पेन खाली ठेवलं की काय समजायचं ते मला कळतं.

डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यातून पाणी-रक्त झिरपतं आणि पडद्याच्या नेमक्या मध्यावर व्रण धरतो. कडेची नजर राहते, समोरची जाते. उजव्यात व्रण घट्ट झाला आहे. तिथे आता काही करण्यासारखं नाही. डाव्यात नुकतं सुरू झालंय, सुया देऊन बघू म्हणाल्या.

"आणि जानेवारीत आलो असतो तर?"

त्यांनी डाव्या डोळ्याचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "लवकर आलेल्यांना बऱ्याचदा फायदा होतो. आता डाव्याचं बघू या ना, काका."

"इतके दिवस माझ्या लक्षात कसं नाही आलं?"

त्यांनी तारे बघायची पद्धत विचारली. मी सांगितलं, मंद तारा सरळ बघायचा नसतो. सरळ बघितला की तो विरतो, म्हणून त्याच्या जरा बाजूला बघायचं, मग तो कडेला उमटतो. आमच्यातला नवशिक्याही महिनाभरात शिकतो. बाई म्हणाल्या, "म्हणजे कडेने बघायचा सराव तुम्हाला सत्तावीस वर्षांचा. दुसऱ्या कुणाला आठवड्यात कळलं असतं, तुम्ही ते सावरून घेत गेलात."

ही शेजारच्या खुर्चीवर होती. पूर्ण वेळ तिने माझी बाही धरून ठेवली होती.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तुला कधीपासून कळलं होतं?"

"डिसेंबरात तुम्ही फोडणीत हात घालणार होतात तेव्हा."

"मग ओरडून सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. एवढंच बोलली. चिडली असती तर बरं झालं असतं.

३० मे

पहिली सुई झाली. सुई डोळ्यात देतात म्हटल्यावर घाबरलो होतो, पण त्या मानाने काही नाही. मास्तर येऊन गेले. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, सोडा हो साहेब.

२८ जून

दुसरी सुई. वाकड्या रेषा अधिक वाकड्या झाल्यात. बाई म्हणतात, वाट बघू. मी आता जाड मार्करने लिहितो. एक ओळ दुसरीवर चढत असणार, कारण पान हाताला ओलं लागतं.

दुकानदाराचा फोन आला होता. वीस बाय ऐंशी कशी चालली आहे म्हणून विचारत होता. उत्तम आहे म्हणालो. निर्दोष आहे म्हणालो. त्याला बरं वाटलं.

२६ जुलै

तिसरी सुई झाली. बाईंनी मला आणि हिला दोघांना समोर बसवून थेंबांच्या वेळा सांगितल्या. ही औषधाच्या दुकानात गेली तेव्हा मी मागे थांबलो आणि सांगितलं, मी निरीक्षक होतो, मला आकडा लागतो. त्या म्हणाल्या, "काका, थांबवायचा प्रयत्न होता. थांबत नाहीये. काही जणांना सुया लागू पडत नाहीत." वर्षअखेरपर्यंत डावाही उजव्याच्या वाटेने जाईल. चालता-फिरता येईल, भिंती-दारं कळतील. वाचणं, लिहिणं, माणसं ओळखणं जाईल.

हिला मी एवढंच सांगितलं की अजून सुया द्यायच्या आहेत. तेही खोटं नाही.

आता रोज सकाळी उठलो की आधी छताचा पंखा बघतो. पाती दिसतात, मधली वाटी दिसत नाही. काल थोडी दिसत होती का? आठवत नाही. वीस वेळा बघतो. मला आशा नको आहे, पण सकाळी डोळे उघडताना ती असतेच, आणि पंख्याकडे बघितलं की जाते. हे रोज.

२४ ऑगस्ट

मास्तरांनी फोनवर सांगितलं की तारा उजळलाय, सगळ्यांचे आकडे आले. तुमचा राहू दे, असं ते म्हणाले नाहीत, पण फोन ठेवायला उशीर केला.

अंधार पडल्यावर हिला म्हणालो, गच्चीवर चल. तिने हात धरून जिना चढवला. दुर्बीण तिपाईवर मीच चढवली, स्क्रू बोटांना पाठ आहेत. दिशा हिने लावली. मी सांगत होतो, टाकीच्या डावीकडे, वर, तीन तारे एका ओळीत, त्यातल्या खालच्याच्या जरा पुढे. पाऊण तास लागला. दोनदा तिचा पाय तिपाईला लागला आणि पुन्हा पहिल्यापासून. ती वैतागली नाही.

मी डोळा लावला. काही नाही. काळ्यात करडं.

मग सवयीने नजर बाजूला सरकवली, आणि तो कडेला उमटला. स्वच्छ. एका बाजूला त्याचा शेजारी, दुसऱ्या बाजूला दुसरा. याला बघायला मधला भाग कधी लागलाच नव्हता. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. तेज दोघांच्या मध्ये, उजळ असलेल्याच्या जरा जवळ. आकडा सांगितला, हिने वहीत लिहिला, मला वाचून दाखवला.

"म्हणजे दिसला?"

"दिसला."

"खरंच दिसला तुम्हाला?" तिचा आवाज एकदम जवळ आला. माझे दोन्ही हात तिने धरले. "एवढासा तारा, एवढ्या लांबचा! अहो, मग सुया लागू पडतायत की!"

मी तिच्याकडे वळलो. अगदी समोर उभी होती, हातभर अंतरावर. केस दिसत होते, खांद्यावरचा पदर दिसत होता, कानातलं दिसत होतं. मध्ये काही नव्हतं. नजर बाजूला नेली तर तिचा गाल आला आणि गेला. चेहरा काही ताऱ्यासारखा कडेने बघून पुरत नाही.

"अहो, सांगा ना. डोळे सुधारतायत ना?"

मी हो म्हणालो. ती हसली असावी.